अयोध्या नगरला बोट लागली

ऐकलंत की नाही? एफ सेक्टरमधल्या वहिनी आणि भाऊजी एकाच जहाजाने गेले, एकाच केबिनमध्ये राहिले, आणि रोम मात्र दोघांनी वेगवेगळं पाहिलं! वहिनी जहाजाच्या बसने, भाऊजी आगगाडीने. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन मुली उजवल्या, तेव्हा जे झालं नाही ते चिवितावेक्किया बंदराच्या धक्क्यावर झालं. आमच्याकडे जुन्या भोपाळसारखे गप्पांचे पटिये, म्हणजे दगडी ओटे, नाहीत, पण पार्कातले बाक आहेत. संध्याकाळी सातनंतर त्या बाकांवर सध्या दुसरा विषय निघत नाही.

आता हे गाव कुठलं, तर भोपाळ. समुद्र बघायचा म्हणजे रात्रभर पंजाब मेलमध्ये पडून मुंबई गाठायची. घरचं पाणी म्हणावं तर राजा भोजाचा बडा तालाब. तिथल्या क्रूझवर आणि मोटरबोटींवर हरित लवादाने 2023 मध्ये बंदी आणली. तलाव 2002 पासून रामसर यादीत आहे, तेव्हा झालं ते बरंच झालं. पण माणसांची हौस कुठे जाणार? ती तडक भूमध्य समुद्रात गेली! भेल कंपनीतून निवृत्त झालेल्या आमच्या मंडळींची मुलं पुण्यात नाहीतर म्युनिकमध्ये नाहीतर डॅलसमध्ये. ती आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला हल्ली सोन्याची चेन देत नाहीत, सात रात्रींची क्रूझ देतात. बार्सिलोनाला चढा, मार्सेलिस, जिनोआ, रोम, नेपल्स करा, पुन्हा बार्सिलोनाला उतरा. आजीच्या काळी समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावं लागे. आता बाल्कनी नसलेली केबिन घेतली तर घ्यावं लागतं.

आणि आपणच पहिले, असा तोरा कोणी मिरवू नये. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाला गेल्या आणि बुरखा न सोडता युरोप हिंडून आल्या. त्यांच्या आजी सिकंदर बेगम त्याआधी 1863-64 मध्ये जहाजाने हजला गेल्या होत्या. जेद्दाला सामानाची झडती आणि जकात यांवरून त्यांचं डोकं असं काही फिरलं, की ते सगळं त्यांनी प्रवासवर्णनात लिहून ठेवलं. म्हणजे बंदरात उतरल्यावर वैतागण्याची परंपराही इथली जुनीच. फक्त बेगमांबरोबर लवाजमा असायचा. आमच्या वहिनींबरोबर भाऊजी होते, आणि भाऊजींबरोबर मोबाइलमधला नकाशा.

तर या क्रूझच्या खुळाचे दोन पंथ झालेत. एक स्टिकरवाले, दुसरे सुटे.

स्टिकरवाले म्हणजे जहाजाची एक्सकर्शन घेणारे. सकाळी साडेसातला नाश्ता कसाबसा कोंबून सगळ्यांनी जहाजावरच्या थिएटरात जमायचं. तिथे एक मुलगी प्रत्येकाच्या छातीवर बसच्या नंबराचं गोल स्टिकर चिकटवते. वहिनींनी खास रोमसाठी म्हणून जपून ठेवलेला महेश्वरी कुर्ता घातला होता. त्यावर डावीकडे भलं मोठं 14! दिवसभर त्या 14 नंबराच्या पाटीमागे चालल्या, कानात त्या गाइडबाईचा आवाज, आणि प्रत्येक फोटोत पोपच्या चौकापेक्षा तो 14 आकडाच ठळक आलाय. वहिनी म्हणतात, "असू दे गं. रस्ता शोधावा लागला नाही, शौचालय शोधावं लागलं नाही." साठी ओलांडलेल्या बायकांमध्ये या दुसऱ्या मुद्द्याला काय वजन आहे हे पुरुषांना कळायला अजून वेळ आहे.

सुट्यांचा, म्हणजे आपले आपण हिंडणाऱ्यांचा, राग वेगळा. "माणशी शंभराच्या वर युरो? बसमध्ये बसवून नेण्याचे?" भाऊजींनी महिनाभर आधीच हिशेब मांडला होता. धक्क्यावरून बंदराच्या फाटकापर्यंत फुकट शटल, तिथून स्टेशन, स्टेशनातून रोमची साधी गाडी, तिकीट माणशी पाचसहा युरो. तासाभरात सान पिएत्रो स्टेशन, तिथून व्हॅटिकन पायी. हिशेबात खोट काढायला जागा नाही. पण इटलीच्या साध्या गाडीत सीट नंबर नसतो, डबा नंबर नसतो. भेलच्या टाइम ऑफिसात जन्म गेलेला माणूस पाच मिनिटं फलाटावर "आपली बर्थ कुठली?" म्हणत उभा. आणि कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उठवून घ्यायचा असतो. नाही उठवला, तर तिकीट खिशात असूनही दंड! भाऊजींनी छाप घेतला, दोनदा घेतला, आणि ते तिकीट आता त्यांच्या दिवाणखान्यात काचेखाली आहे. कोणीही चहाला गेलं की आधी ते दाखवतात, मग साखर विचारतात.

संप झाला असता तर काय केलं असतं, हे मात्र कोणी विचारू नये. इटलीत रेल्वेचे संप रीतसर जाहीर होऊन होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ एवढ्या वेळातल्या ठरावीक गाड्या तेवढ्या हमखास सोडतात. म्हणजे रोमच्या नोकरदारांची सोय बरोबर झाली. जहाजावर दुपारी परतायचं असलेल्या अयोध्या नगरच्या माणसाची कोणी केली नाही. शिवाय व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. आपलं जहाज नेमकं रविवारी लागणार असेल तर बस असो की गाडी, दाराबाहेरूनच हात जोडायचे.

खरी बनवाबनवी पुढेच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जहाजाच्या पत्रकात छापलेलं असतं: रोम. शेजारी कंसात, मुंगीएवढ्या अक्षरात: चिवितावेक्किया. रोमपासून अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लोरेन्स म्हणून लिव्होर्नोला उतरवतात, तिथून फ्लोरेन्स नव्वदच्या आसपास. आणि पॅरिस! उत्तरेकडच्या क्रूझवाल्यांचं पॅरिस म्हणजे ल हाव्र, पॅरिसपासून जवळजवळ दोनशे किलोमीटर. माणसाला इंदूरला उतरवून "आलं हो भोपाळ" म्हणावं, अशातला हा प्रकार. इथे कोणी असं केलं तर दोन्ही गावांत दंगल होईल! पण तिकडे लोक टाळ्या वाजवत उतरतात. बर्लिनचं तर विचारूच नका, ते वार्नम्युंडेच्या धक्क्यापासून दोनशेच्याही पुढे आहे.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं, बाकावर कोणाला पटो न पटो: भांडण युरोंचं नाहीच. भांडण घड्याळ कोणाच्या हातात, याचं आहे. जहाजाने नेलेली बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं, नाहीच थांबता आलं तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याचं तेच बघतं. सुट्यांसाठी जहाज थांबत नाही. सगळ्यांनी जहाजावर यायची वेळ सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीची. ती वेळ टळली की शिडी वर, आणि वरच्या डेकवर उरलेले पाच हजार लोक मोबाइल काढून धक्क्यावरून धावत येणाऱ्यांची शूटिंग करायला सज्ज! वहिनी म्हणतात, रोज संध्याकाळचा हा फुकटचा तमाशा जहाजावरच्या ठरलेल्या नाचगाण्यांपेक्षा रंगायचा. एकदा तर हातात चपला घेऊन धावणारी एक बाई पोचली तेव्हा वरून टाळ्या पडल्या. भाऊजी त्या वेळी केबिनमध्ये तोंड फिरवून बसले होते, कारण ते स्वतः आदल्या दिवशी सात मिनिटं राखून आले होते.

हे हसण्यावारी नेणाऱ्यांना आफ्रिकेतली एक गोष्ट सांगते. मार्च 2024 मध्ये साओ टोमे बेटावर 'नॉर्वेजियन डॉन' या जहाजाचे आठ प्रवासी खासगी सहल घेऊन हिंडायला गेले आणि उशिरा परतले. जहाज अजून समोर पाण्यात उभं होतं. तटरक्षकांनी बोटीने त्यांना तिथवर नेलंही. कप्तानाने घेतलं नाही! मग ते विमानं आणि गाड्या बदलत एका देशातून दुसऱ्या देशात जहाजाच्या मागे. गांबियाला गाठावं, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलला, डकारमध्ये, गाठ पडली. हे आम्ही बाकावर सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "इटलीत असं होत नाही." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त घड्याळात पाहिलं.

मार्सेलिसला मात्र दोन्ही पंथ गप्प होतात. 8 जुलै 1910 ला 'मोरिया' बोटीच्या झरोक्यातून सावरकरांनी उडी घेतली ती इथल्याच बंदरात. पोहून किनारा गाठला, पण फ्रेंच पोलिसांनी त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं, आणि ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. तिथला निकाल फेब्रुवारी 1911 मध्ये ब्रिटिशांच्या बाजूने लागला. आमच्या गावातल्या मराठी माणसाला त्या बंदरात उतरून ती जागा बघायची नाही, असं कसं होईल? पण जहाजाच्या यादीत काय, तर एक्स-ऑं-प्रोव्हांसचे बाजार, कासीचे कडे आणि वाइनची चव. तेव्हा इथे स्टिकरवाले सुद्धा सुटे झाले. आणि उतरल्यावर कळलं, क्रूझचा धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून चांगलाच लांब. टॅक्सी केली, जुन्या बंदरावर उभे राहिले, पाण्याकडे पाहून हात जोडले. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. त्यानंतर दोघांनी मिळून कॉफी घेतली आणि तिच्या दरावरून पुन्हा बिनसलं.

ज्यांच्या गावात आपण जातो तेही आता वैतागलेत, हा भाग आपल्याकडे सोयीने गाळला जातो. बार्सिलोनात 2024 मध्ये लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, आणि पुढच्या वर्षी तिथल्या क्रूझ टर्मिनलांची संख्या सातावरून पाचावर आणायचं ठरलं. व्हेनिसने बड्या जहाजांना 2021 पासून जुदेक्का कालव्यातून हद्दपार केलंय. सँटोरिनीला 2025 पासून ऐन हंगामात क्रूझच्या प्रवाशांना माणशी वीस युरो कर. त्या सँटोरिनीत तर पंथभेदाला पायऱ्याच आहेत. स्टिकरवाल्यांना आधी छोट्या बोटीने नेऊन दुसऱ्या धक्क्यावरून बसने वर चढवतात, आणि सुटे खालच्या जुन्या बंदरात. तिथून वर जायला केबलकारची रांग, नाहीतर गाढव, नाहीतर साडेपाचशेच्या वर पायऱ्या. जी सेक्टरमधले काका पायऱ्यांनी चढले. खाली मात्र गाढवावरून आले, पण त्याचा फोटो त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला नाही. आम्हाला तो मिळालाय.

तेव्हा यंदा जाणाऱ्यांनो, उगाच बाणा धरून बसू नका. नेपल्सला आणि जिनोआला जहाज गावाच्या तोंडाशीच लागतं, तिथे खुशाल सुटे उतरा. पाँपेई बघायचं तर नेपल्सहून लोकल आहे, पाऊण तासाच्या आत पोचवते. रोम, फ्लोरेन्स आणि ते दूरचं पॅरिस यांना मुकाट्याने स्टिकर लावून घ्या, कुर्ता साधा घाला. तरीही स्वतःच जायचं असेल तर जहाज रोज केबिनमध्ये टाकतं त्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो, तो लिहून घ्या. पासपोर्ट बरोबर ठेवायचा की नाही ते जहाजाच्या काउंटरवर विचारून ठरवा, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, मोबाइलच्या नाही. व्हिसा काढताना जहाज मध्येच तुर्कस्तानाला जातंय का तेही बघा. शेंगेनमधून बाहेर पडून परत आत यायचं तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही.

एफ सेक्टरची पुढची बुकिंग नॉर्वेची झाली आहे. बर्गनला जहाज गावातच लागतं, गायरांगरला तर गावच धक्क्याएवढं आहे, तेव्हा या वेळी वहिनी आणि भाऊजी एकत्रच उतरतील असं ठरलंय. तरी वहिनींनी केबिन वेगवेगळ्या मागितल्या आहेत, घोरण्यामुळे.