सार्वभौम टेक्सासची उधारी

टेक्सास 1836 ते 1845 या काळात स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, हे तिथला माणूस तुमचं नाव विचारण्याआधी सांगतो. थाट मोठा होता. लंडनची वकिलात एका दारूविक्रेत्याच्या जागेत होती. 1841 मध्ये ऑस्टिनच्या एका हॉटेलवाल्याची डुकरं फ्रेंच वकिलाच्या घोड्यांचा मका खाऊ लागली. वकिलाच्या नोकराने डुकरं मारली, हॉटेलवाल्याने नोकराला बदडलं आणि फ्रान्सचे प्रतिनिधी रुसून देश सोडून गेले. तिजोरीत खडखडाट होताच. कर्ज इतकं, की ते फिटलं 1850 नंतर, अमेरिकेने दिलेल्या पैशातून.

हा देश टिकला असता तर? अपोलो-13 ला आपली अडचण परदेशात कळवावी लागली असती. लिंडन जॉन्सन यांना व्हाइट हाउस पाहायला पाहुणा म्हणून जावं लागलं असतं. डॅलसला गणपती बसवणाऱ्या मराठी मंडळींना न्यू जर्सीच्या व्याह्यांकडे जायलाही व्हिसा लागला असता.

आता राहिलं ते स्वातंत्र्य. ज्याच्यापासून टेक्सास फुटलं, त्या मेक्सिकोने 1829 मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. टेक्सासच्या 1836 च्या घटनेने मात्र गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार संसदेलाही ठेवला नाही. तेव्हा ‘आपला देश राहिला असता तर’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं: त्या देशात तुम्ही कापसाच्या मळ्याचे मालक, की कापूस वेचणारे? उत्तर ठरलेलं आहे. असल्या स्वप्नांत वेचणीला कुणीच जात नाही.