फट किती?

या गृहस्थांची वेगळी ओळख करून द्यायला नको. निवृत्तीच्या पैशातून टेबल सॉ घेतलेले, गाडी उन्हात उभी करून गॅरेजात भुसा साठवणारे, खिशात फटी मोजायचं फीलर गेज बाळगणारे आणि कुठल्याही वस्तूला एकच प्रश्न विचारणारे: फट किती? भाच्यासाठी मुलगी पाहायला जातात आणि दाराची चौकट पाहून येतात. या छळामागे तर्क मात्र आहे. सॉच्या पात्याभोवती कंपनीची प्लेट असते, तिची खाच ऐसपैस, कारण पातं तिरकंही करायचं असतं. पातं तीनेक मिलिमीटरचं, फट बोटभर. दात वरून खाली उतरतात, तिथे लाकडाला आधार नसतो, आणि प्लायच्या खालच्या बाजूच्या ढलप्या उडतात. म्हणून हे कोरी प्लेट बसवतात, पात्याची वाट टाळून वरून फळी आवळतात आणि फिरतं पातं हळूहळू वर चढवतात. पातं आपल्यापुरती जागा कापून घेतं, केसभरही जास्त नाही. तिरक्या कापाला वेगळी प्लेट, जाड पात्याला वेगळी. प्लेटा इतक्या झाल्यात की त्या ठेवायला कपाट हवं. कपाट अजून व्हायचंय.

नागपूरच्या लकडगंजातला मिस्त्री म्हणेल, ‘काहून एवढं? खराब बाजू आत टाकली का झालं नं.’ पण कपाटाच्या दाराची आतली बाजू रोज उघडते, तिथे काय झाकणार? फट बुजली की भुशाची वाटही अडते, ही तक्रार खरी आहे. ती निघाली की यांना नेमकं ऐकू येत नाही. बरं, हे खूळ नागपूरला उपरंही नाही. झीरो माईलपाशी १९०७ सालच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरली आहे. फुटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम ०.३ मिलिमीटर. दगडाला चालतं ते पेन्शनराला का चालू नये?

आणि एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी. रुंद खाचेत चिंचोळा तुकडा अडकला की तो अंगावर उडू शकतो. मिस्त्रीचं टेबल म्हणजे प्लायच्या खाली उलटा बांधलेला कटर. फुटावर मजुरी, त्यामुळे थांबायला सवड नाही. त्याच्यासाठी हेच गृहस्थ फुकट प्लेट करून देतात, वर बसवूनही देतात. मग मिस्त्री गिऱ्हाइकाला फळी उलटवून दाखवतो आणि फुटामागे चार पैसे जास्त लावतो. यांना त्यातला रुपया नको. पातं बदललं की तेवढं कळव म्हणतात. नव्या पात्याला नवी प्लेट लागेल.