पंचावन्न किलोतला बाळा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या लालबाग-परळ भागात 'श्री'चे बॅनर लागू लागतात. मंडळाच्या, विभागाच्या किंवा एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याच्या नावापुढे 'श्री' लावलं की स्पर्धा तयार. क्रिकेटला मैदान तरी लागतं. इथे एक मंडप, भगभगीत दिवे, मोठमोठे स्पीकर आणि चारचौघांत चड्डीवर उभं राहायला न लाजणारी पन्नास मुलं एवढ्यावर भागतं. त्या पन्नासांतला एक आमच्या मजल्यावर राहतो. त्याला सगळे बाळा म्हणतात. वय एकतीस.

बॉडीबिल्डर म्हटल्यावर दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर तो बाळा नव्हे. बाळा पंचावन्न किलोच्या गटातला. उंची पाच फूट दोन इंच. या खेळात गट वजनावर पडतात. पंचावन्न, साठ, पासष्ट असे ते पाचापाचाने चढत जातात आणि गर्दी असते ती या खालच्या गटांतच. शर्ट काढला की बाळाच्या अंगावर शरीरशास्त्राचा तक्ता उमटतो. कुठला स्नायू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते बोट ठेवून सांगावं. शर्ट घातला की सगळं गडप. मग उरतो तो पासबुक भरून घ्यायला आलेला किरकोळ इसम.

बाळाच्या आयुष्यातल्या एकूण एक अडचणी या शर्टाने केलेल्या आहेत.

तो एका पतपेढीत कर्जवसुलीला आहे. चेअरमनने त्याला म्हणे व्यायामशाळेत बनियनवर पाहिलं आणि तिथल्या तिथे नोकरी दिली. पण वसुलीला बनियनवर जाता येत नाही. बाळा थकबाकीदाराच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो गृहस्थ त्याच्या डोक्यावरून जिन्याकडे बघत विचारतो, "साहेब मागून येतायत का?" त्यातून जानेवारी ते मार्च म्हणजे कटिंगचा, अंगावरची चरबी उतरवण्याचा काळ. गाल आत गेलेले, डोळे खोल, आवाज विहिरीतून आल्यासारखा. एका बाईंनी तर हप्ता दिला नाहीच, वर त्याला बसवून घेतलं, "कावीळ झाली का रे बाबा?" म्हणून विचारलं आणि कावीळ उतरवणाऱ्या कुणाचा तरी पत्ता दिला. तो पत्ता बाळाने वसुलीच्या वहीत लिहून आणला. वहीत दुसरं लिहिण्यासारखं त्या दिवशी काही नव्हतंच.

लग्नाचंही तेच. मुलीकडच्यांचा निरोप दर वेळी एकच येतो: "मुलगा चांगला आहे, पण हाडापेराने जरा किरकोळ वाटतो." हे ऐकलं की बाळाच्या आईच्या जिवाचा संताप होतो. तिच्या मोबाइलमध्ये पुराव्याचा फोटो आहे. त्यात बाळा तेलाने चकचकतोय, दंड वळवलेत, मांड्यांवर दोऱ्या उमटल्यात. पण अंगावर जेमतेम हातरुमालाएवढी चड्डी. तो फोटो व्याह्यांना दाखवायचा कसा? एकदा तिने धीर करून मध्यस्थाला दाखवला. त्याने चष्मा वर केला, फोटो पाहिला, चष्मा खाली केला आणि अतिशय अदबीने विचारलं, "कपड्यातला नाही का एखादा?"

मागच्या खेपेला तर बाळाने स्वतःच घोटाळा केला. हंगाम चालू होता. समोर कांदेपोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. बाळाने बशी हातात घेतली, वास घेतला आणि मुलीच्या आईला विचारलं, "तेल किती चमचे घातलंय?" तो बिचारा उष्मांक मोजत होता. त्यांना वाटलं, हुंड्याच्या पुढची काहीतरी नवीन अट आली.

आता त्याच्या खाण्याबद्दल. बाळाचा दिवस अंड्यांनी उजाडतो. त्याच्या सरांनी रोज वीस पांढरी सांगितली आहेत. सर म्हणजे व्यायामशाळेतले. बाळा आईवडिलांचं ऐकतो, पतपेढीचं ऐकतो, पण पाळतो ते सरांचं. एका पांढऱ्यात प्रथिनं साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे वीसांचे सत्तर. उरलेला हिशेब बिनमिठाचं उकडलेलं चिकन पुरा करतं. हे झालं बाळाचं. पण वीस पांढऱ्यांमागे वीस पिवळे निघतात आणि ते टाकून देईल अशी आई कोकणात अजून जन्माला यायची आहे.

"पिवळ्यात काय विख भरलाहा?" असं म्हणत ती रोज सकाळी भलीमोठी वाटी घेऊन मजल्यावर निघते. सुरुवातीला आम्हाला फार आनंद झाला. पिवळ्याची बुर्जी झाली, पिवळ्याची पोळी झाली, कुणी केसांना लावून पाहिलं. दुसऱ्या महिन्यात वाटीची चाहूल लागली की दारं लोटली जाऊ लागली. बाळाच्या पोटावर एकेक रेघ उमटत गेली, तसतशा बाकीच्या मजल्याच्या पँटी कमरेत घट्ट होत गेल्या. बाळाचे वडील गिरणीतून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून काय खाता म्हणून विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मुलगा बॉडी करतो."

व्यायामशाळा जुन्या पद्धतीची आहे. आत शिरताच मारुती, त्याच्या शेजारी शिवाजी महाराज आणि आरशाच्या वर मनोहर ऐच. हा बंगाली गृहस्थ चार फूट अकरा इंच उंचीचा होता. १९५२ साली लंडनला जाऊन त्याने आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स मिळवलं आणि पुढे एकशेचार वर्षं जगला. बाळा व्यायामाला लागण्याआधी मारुतीला एक नमस्कार करतो आणि ऐचना दोन. त्याचं कारण उघड आहे. मारुतीची उंची कुणालाच माहीत नाही, पण ऐच आपल्यापेक्षा तीन इंच बुटके होते हे बाळाला पक्कं ठाऊक आहे.

हा खेळ मुळात ताकदीचा नव्हे, दाखवण्याचा. युजीन सँडो या पहिलवानाने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशी पहिली मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा स्वतःबरोबर परीक्षक म्हणून कोण घेतले? एक शिल्पकार, आणि दुसरे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल. म्हणजे एक जण घडण बघणार आणि दुसरा लपवलेलं शोधून काढणार. त्या दिवसापासून आजतागायत स्पर्धकाने काय उचललं हे कुणी विचारत नाही, काय दिसतं एवढंच बघतात. खरं सांगायचं तर स्पर्धेच्या दिवशी बाळा जितका बलदंड दिसतो, तितका अशक्त तो वर्षभरात कधीच नसतो. मागच्या वर्षी स्पर्धेच्या दोन दिवस आधी गॅसचा सिलिंडर आला. मजल्यावरचा एकमेव बॉडीबिल्डर भिंतीला टेकून बसला होता. सिलिंडर त्याच्या आईने आत ओढला.

शेवटचा आठवडा म्हणजे तर वैराग्य. आधी मीठ जातं, मग पाणी. कातडी आणि स्नायू यांच्यामधलं पाणी उतरलं की 'कट' दिसतात, या अवस्थेला 'ड्राय होणं' म्हणतात, आणि पुरता ड्राय झालेला माणूस दुसऱ्याने नळ सोडला तरी डोळे मिटून घेतो. इथे काहीजण लघवीच्या गोळ्यांचा आडमार्ग धरतात. बेनाझिझा नावाचा जगातला नामांकित खेळाडू १९९२ साली हॉलंडमधली स्पर्धा जिंकून काही तासांत गेला, तो त्याच पायी. बाळाचे सर बाकी अर्धशिक्षित असतील, पण गोळीचं नाव काढणाऱ्याला ते व्यायामशाळेच्या पायरीवर उभं करत नाहीत. या एका गोष्टीसाठी मी त्यांचं सगळं बाकीचं तत्त्वज्ञान ऐकून घेतो.

याच आठवड्यात होळी आली. सगळ्या मजल्यावर पुरणाचा वास. बाळा गॅलरीच्या टोकाला रताळं घेऊन बसला होता. आईने पोळीवर तुपाची धार सोडली, त्याच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. तो म्हणाला, "आई, फक्त वास घेतो." तिने ताट त्याच्या नाकाखाली धरलं. असा नैवेद्य मी देवालाही दाखवताना पाहिलेला नाही.

पोझिंगचा सराव चालतो तो खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या आरशापुढे. सात पोझेस सक्तीच्या: समोरून दंड, समोरून पाठीचा पसारा, बाजूने छाती, मागून दंड, मागून पसारा, बाजूने ट्रायसेप्स आणि शेवटी पोट आणि मांडी. चाळीतल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण या सात पोझेस क्रमाने येतात. अवघड पोझ नसते, अवघड असतं हसू. सगळं अंग आवळून धरायचं, श्वास कोंडायचा, पायाला गोळा येऊ द्यायचा नाही, आणि चेहऱ्यावर मात्र वरमाय मानपान घेताना हसते तसं हसायचं. बाळाचं हसू बघून खालच्या मजल्यावरचं तान्हं रडलं होतं. तेव्हापासून त्याने दात न दाखवता हसायला सुरुवात केली.

मग अंगावरचे केस. ते काढायला बाळाने वडिलांचं ब्लेड घेतलं. वडील म्हणाले, "संपल्यावर सांग, नवीन पाकीट आणतो." ते सबंध पाकिटाबद्दल बोलत होते.

आणि मग रंग. दिव्यांच्या झोतात उजळ कातडीवर कट पुसट होतात, म्हणून आदल्या रात्रीपासून अंगावर गडद टॅनचे हात मारायचे. ज्या घरात गेली दहा वर्षं 'मुलगी गोरी हवी' या वाक्याने स्थळांची सुरुवात होते, त्याच घरात आई स्वतःच्या हाताने पोराच्या पाठीला रोलरने काळा रंग लावत होती. "हय जरा फिक्कट रवला," असं म्हणत तिने मानेमागे तिसरा हात दिला. ती रात्र बाळाने जुन्या चादरीवर हातपाय पसरून काढली. दाराच्या चौकटीवरचा त्याचा पंजा पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

स्पर्धेच्या सकाळी काट्यावर तो पंचावन्न किलो दोनशे ग्रॅम भरला. सरांनी त्याला प्लास्टिकची पिशवी कापून अंगात चढवली, वर दोन स्वेटर घातले आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. गळ्यातला देवीचा ताईत काढून सरांनी स्वतःच्या खिशात ठेवला. दुसऱ्या वजनाला बाळा बरोबर पंचावन्न निघाला. आईच्या मते तो ताईताचाच फरक होता.

संध्याकाळी सहाची वेळ छापलेली होती. सहाला मंडप रिकामा होता, सातला भरला आणि सव्वासातला सत्कार सुरू झाले. आपल्याकडे शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत सर्वात जास्त वेळ व्यासपीठावर असतात ती पोटं सुटलेली माणसं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचा रुसवा. मग त्यांचं मनोगत. पडद्यामागे पंचावन्न किलोची मुलं रबरी पट्टे ओढून अंग फुगवत होती. स्नायूत रक्त चढतं, 'पंप' येतो आणि थोड्या वेळात उतरतो. बाळाने पट्टा ओढायला घेतला की निवेदक म्हणायचा, "आणि आता दोन शब्द बोलण्यासाठी…" तीन वेळा बाळा फुगला, तीन वेळा बसला. सर त्याला ब्रेडवर जॅम लावून भरवत होते, पाणी मात्र घोटभरच. कुणीतरी पाहुण्यांसाठी चालवलेल्या सरबताच्या ट्रेकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्याने एकाही मुलीकडे पाहिलेलं नाही.

नंबर पुकारला. बाळा बाहेर आला आणि खरोखर सांगतो, मीही खुर्चीवरून उठलो. रोज नळावर बादली घेऊन दिसणारा तो हाच का? पुढची रांग बघत होती, पाच परीक्षक बघत होते. "समोर बघा. उजवीकडे वळा. पाठ दाखवा." माझ्या शेजारी बाळाची आई पुटपुटली, "पोरीक सुद्धा एवढा फिरवणत नाय हो." बाळा वळत होता, हसत होता, दात न दाखवता. मिनिटभराचा कारभार. चाळीच्या पोरांनी सातही पोझेस खालून करून दाखवल्या.

पाचवा आला. बक्षिसं पाच जणांनाच असतात, त्यामुळे पाचवा म्हणजे आमच्या हिशेबी पहिलाच. पाकीट मिळालं, पदक मिळालं. त्याने स्टेजमागे येऊन पाण्याची बाटली एका दमात संपवली, दुसरी अर्धी केली आणि मग जमिनीवर बसून आईच्या डब्यातल्या सुक्या बांगड्याकडे हात नेला.

एवढ्यात सर आले. त्यांनी बाळाच्या खांद्यावर हात ठेवला, तो रंगलेला हात पँटीला पुसला आणि निर्णय सांगितला, "कट भरपूर आहेत, पण मास कमी पडतो. पुढच्या वर्षी साठ किलोत खेळायचं. आठ महिन्यांत पाच किलो वाढवायचं."

बाळाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढे ती वाटी आली.

पण आईचा चेहरा असा फुलला की दिव्यांची गरज उरली नाही. तिने डबा बाळाच्या पुढ्यात सरकवला, पदर खोचला आणि सरांना म्हणाली, "पाच किलो? तां माझ्यार सोडा. गणपतीपर्यंत दहा करून देतंय."