सोमवारी वर न आलेला मेल

शुक्रवारी दुपारी मेलमधलं एक ॲड-ऑन मी काढून टाकलं. सहा वर्षं त्याच्यावर विसंबून होतो. अजूनही त्याची आठवण येते, पण परत घेणार नाही.

त्याचं काम एवढंसंच. मेल वाचायचा, ‘सोमवार, सकाळी ९’ असं सांगायचं, की तो नजरेआड व्हायचा. सोमवारी नऊला पहिल्या ओळीत हजर! आपण पाठवलेल्या मेलला चार दिवसांत उत्तर आलं नाही, तर तोही वर यायचा. दिवाळी अंकाचं काम करणाऱ्याला आणखी काय हवं? साठेक लेखकांना पत्रं जातात. कुणी ‘गणपती होऊ द्या, मग देतो’ म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही. कुणाला कधी हटकायचं, ही काळजी त्या ॲड-ऑनने वाहिली.

मग मे महिन्यात एक अपडेट आलं. मेल उघडायला मिनिट-मिनिट लागायला लागलं. पांढरीफटक खिडकी, वर ‘प्रतिसाद देत नाही’. माझं ॲड-ऑन मेलच्या प्रोग्रॅमच्या पोटातच चालायचं. ते अडकलं की सगळंच अडकायचं. एका लेखिकेला कथेचा शेवट बदलण्याबद्दल जपून जपून लिहिलेलं दीड पानाचं पत्र असंच गेलं. दुसऱ्यांदा लिहिलं, पण पहिल्यासारखं जमलं नाही.

तेही सोसलं असतं. पण जुलैत एका ज्येष्ठ लेखकांनी हाताने लिहिलेला लेख नातवाकडून स्कॅन करून पाठवला. नऊ पानं, तिसऱ्या पानाच्या समासात उभ्या ओळींत घातलेली भर. निवांत वाचावा म्हणून मी तो सोमवारवर टाकला. सोमवार आला, लेख वर आला नाही. अठराव्या दिवशी त्यांचा फोन. ‘आवडला नसेल तर तसं कळवा, मला वाईट वाटणार नाही.’ मी साधी पोचही दिली नव्हती.

मेल बाजूच्या एका फोल्डरमध्ये पडून होता. तो कधी वर आणायचा याची नोंद मात्र ॲड-ऑनच्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, आणि दोन्हींची गाठ सुटली होती. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की काढून पुन्हा इन्स्टॉल करा. तीनदा केलं. वर्षाची वर्गणी मात्र ठरल्या तारखेला न चुकता कापली गेली.

ॲड-ऑन म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला टेकवलेली पडवी. भिंतीचा मालक भिंत बदलतो. २०२०मध्ये थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या ७८व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंद झाली. विंडोजवरच्या नव्या आउटलुकमध्येही जुनी ‘कॉम’ ॲड-इन चालत नाहीत. मला यात मालकाचा दोष दिसत नाही. प्रोग्रॅमच्या आत कुणालाही हात घालू देणं धोक्याचंच असतं. कधी पडवीच विकली जाते: आउटलुकमधलं झोब्नी हे ॲड-इन २०१३मध्ये याहूने घेतलं आणि पुढच्याच वर्षी बंद केलं. गूगलचं ‘इनबॉक्स’ तर त्यांचं स्वतःचं ॲप होतं, तेही २०१९मध्ये गेलं.

माझं भांडण पडवीचं भाडं घेणाऱ्यांशी आहे. पडवी हलायला लागली हे तुम्हाला आमच्या आधी कळतं. मग तेव्हाच सांगा! आणि आमच्या नोंदी एका साध्या फाइलीत आमच्या हातात द्या: कुणाचा मेल, कुठली तारीख. तारखा आमच्या आहेत, माणसंही आमची आहेत.

मला ती फाइल मिळाली नाही. फोल्डरमध्ये ११४ मेल निघाले. रात्री साडेअकरापर्यंत एकेक उघडून वहीत तारखा घातल्या. त्यातल्या सात जणांची दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली.

त्या ज्येष्ठ लेखकांच्या लेखाची जुळणी झाली आहे. प्रूफं मेलने पाठवणार नाही, रविवारी त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे.