तथापि काका

रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या गच्चीवरच्या बरसातीच्या जिन्यावर चपला वाजू लागतात. तीन पायऱ्या, विश्रांती. तीन पायऱ्या, विश्रांती. वर लेगोच्या विटा पसरून बसलेले आम्ही एकमेकांकडे बघतो. बँकेतल्या वहिनी आपल्या इमारतीची अर्धवट बाजू हळूच भिंतीकडे फिरवतात. यूपीएससीवाला पुटपुटतो, "पाहणी आली."

काका आत येतात, खुर्ची नाकारतात, चहा स्वीकारतात आणि विचारतात, "जिना कुठंय?"

काका मूळचे वाईचे. सरकारी बांधकाम खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. करोल बागेत इतकी वर्षं राहिलेत की भाजीवाल्याशी पंजाबीत भांडतात. पैसे मात्र मराठीत मोजतात. आमची टोळीही अशीच इकडून तिकडून आलेली. वहिनी गिरगावच्या, मी नाशिकचा, आणि सोनं गाळायला दिल्लीत आलेल्या विट्याच्या कुटुंबातला नऊ वर्षांचा बंड्या. यूपीएससीवाला साताऱ्याचा. पुस्तिकेत न बघता स्वतःच्या डोक्यानं रचलेल्या वस्तूला लेगोवाले 'मॉक' म्हणतात. 'माय ओन क्रिएशन'ची ती आद्याक्षरं. हा पठ्ठ्या घरी फोनवर अगदी खरं सांगतो, "आज दिवसभर मॉकमध्ये होतो." वडील खूश.

आता अशा मॉकवर अभिप्राय देणारे काय कमी असतात? करोल बागेत कुठल्याही वस्तूवरचा पहिला अभिप्राय म्हणजे "कितने का पड़ा?" खालच्या आंटी दर वेळी विचारतात. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर, हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या आईकडेही नाही. दुसरे अभिप्राय नातेवाइकांचे. फोटो पाठवला की तो पुरता उघडायच्या आत उत्तर येतं, "मस्तच!" मागोमाग अंगठा. एकदा मी चुकून विजेच्या बिलाचा फोटो पाठवला, त्यालाही मावशीचा "मस्तच!" आला.

काकांचं तसं नाही. चहा संपेपर्यंत ते मॉडेलकडे बघतही नाहीत. मग कप खाली ठेवतात, चष्मा पुसतात, हात पाठीमागे बांधतात आणि गुडघे कटकट वाजवत उकिडवे बसतात. डोळा थेट जमिनीच्या पातळीवर. हात कधीच लावत नाहीत, "दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये." खिशातून छोटी बॅटरी निघते आणि तिचा उजेड खिडकीतून आत शिरतो. यानंतर "हं" येतो. आखूड "हं" म्हणजे ठीक. लांब "हंऽऽ" म्हणजे पाडकाम. आणि नाकातून आलेला "हं" म्हणजे तुमचं काही खरं नाही.

वहिनींनी तीन महिने खपून गिरगावातली चाळ केली होती. लाकडी कठडे, वाळत घातलेलं धुणं, झोपलेलं मांजर. आम्ही सगळे भारावलेले. काका उकिडवे बसले. नाकातून "हं" आला.

"जिना कुठंय?"

"काका, बत्तीस स्टडचा पाया आहे. जागाच उरली नाही."

"मग वरचे दोन मजले भाडेकरूंनी भरलेत ते कसे? टोपलीतून चढवले?"

"खेळणं आहे हो हे!"

"खेळणं आहे म्हणून काय त्या बाईनं जन्मभर वरच बसायचं?" काकांनी कठड्याशी उभ्या असलेल्या चार सेंटिमीटरच्या बाईकडे बोट केलं. "आणि नळ कुठंय? भांडायला जाणार कुठं?"

वहिनी पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी चाळ आली ती कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जिन्यासकट. नळापाशी तीन बादल्या रांगेत होत्या.

एकदा यूपीएससीवाल्यानं काकांना आकड्यानं गार करायचं ठरवलं. लेगो कंपनी १९३२ सालची, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची. विटेच्या आजच्या जोडणीचं पेटंट १९५८ सालचं. आणि एकाच रंगाच्या, आठ स्टडच्या नुसत्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे त्यानं एका दमात म्हणून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यातल्या किती प्रकारांना जिना आहे?"

विटेवर ताण पडेल अशा जोडणीला हौशी मंडळी 'इल्लीगल' म्हणतात, हेही त्यानंच सांगून ठेवलं. हा शब्द ऐकल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते निवृत्तीनंतर प्रथमच. आयुष्यभर करोल बागेतले चोरटे मजले बघितलेला माणूस. तेव्हापासून कुणी वीट तिरकी दाबून बसवली की काका म्हणतात, "सील करा."

पण त्यांची खरी पर्वणी दिवाळीत. अजमल खाँ रोडच्या गर्दीतून किल्ल्यासाठी माती आणणार कुठून? म्हणून आम्ही विटांचा रायगड करतो. गेल्या वर्षी महादरवाजा झोकात समोर बसवला. काका आले, वाकले. लांबलचक "हंऽऽ".

"दार समोरून दिसतंय! शत्रूला आमंत्रण धाडलंय का? अरे, दोन बुरुजांच्या आड लपवतात ते. जवळ जाईपर्यंत कळता कामा नये." मग त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. खिशातून सहा इंची पोलादी पट्टी निघाली. "वीट ९.६ मिलिमीटर. तुमचा मावळा चार सेंटिमीटर. म्हणजे मावळा माझ्याएवढा धरला तर पायरी झाली सव्वा फुटाच्या वर. रोज असा गड चढला तर लढाईला उरेल का तो?"

यूपीएससीवाल्यानं मुकाट्यानं विटा उपसल्या आणि चपट्या प्लेटी लावल्या. तीन प्लेटी मिळून एक वीट होते. काकांनी पुन्हा हिशोब केला. "सव्वापाच इंच. आता जिजाऊसाहेबसुद्धा चढतील." दोन रात्री जागून जिना झाला. शेवटची पायरी लावल्यावर काका म्हणाले, "जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलंय. एवढा गड बांधला आणि नाव कुठं घातलं, तर पायरीवर. उगाच नाही मी जिना विचारत."

तोंडी पाहणी झाली की लेखी येते, लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर. पहिलं वाक्य ठरलेलं: "कामाचा दर्जा समाधानकारक आहे." दुसरं वाक्य "तथापि" या शब्दानं सुरू होतं आणि पाकीट संपेपर्यंत संपत नाही. आम्ही चिडतो, नकला करतो, आणि पाकिटं जपून ठेवतो. माझ्याकडे एकवीस आहेत.

बंड्यानं गेल्या महिन्यात पहिल्यांदा स्वतःचं काही आणलं. उरल्यासुरल्या विटांचं, सात रंगांचं, एका बाजूला कललेलं. "आजीचं घर. विट्याचं वालं," तो म्हणाला. आम्ही सगळे एका सुरात "मस्तच!" म्हणालो आणि काकांकडे धास्तावून पाहिलं. लेकराला तरी सोडतात का?

काका उकिडवे बसले. बराच वेळ बसले. "आजी कुठं बसते?"

बंड्यानं दारातली पिवळी वीट दाखवली. काकांनी बॅटरी तिथं धरली. "हं. इथून तिला रस्ता दिसतो." एवढंच बोलून गुडघे धरत उठले.

काका पाघळले, अशी कुजबुज झाली. वहिनी तर सरळ म्हणाल्या, "आमच्या वेळी जिना, आणि याला काही नाही?"

"एकमजली आहे," काका म्हणाले. "जिना कशाला?"

पण बंड्याचा चेहरा उतरला होता. त्यानं चपलांच्या कपाटावरचं एक रिकामं पाकीट आणलं आणि काकांच्या पुढ्यात धरलं. "माझा तथापि?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि आम्हाला लिहायचे तसंच लिहिलं. "कामाचा दर्जा समाधानकारक आहे. तथापि, दारातल्या पायरीला कठडा नाही. आजी उठताना काय धरणार?"

बंड्यानं ते मोठ्यांदा, अक्षर लावत वाचलं आणि घडी करून खिशात घातलं.

पुढच्या रविवारी पायरीला करड्या रंगाचा बारका कठडा होता. काका वाकले, आणि आजवर कुणाच्या मॉडेलला न लागलेलं त्यांचं बोट पुढं झालं. त्यांनी कठडा हलवून पाहिला.

हलला नाही.