नियोजित महाराजांस सल्ला

प. पू. (नियोजित) महाराजांस सा. न.

आपल्या सेवेकऱ्याकडून निरोप पोचला. दाढी पुरेशी वाढली आहे, बायपासलगतची जागाही पाहून झाली आहे. पण जादूटोणाविरोधी कायद्याच्या धास्तीने गादीवर बसण्याचा मुहूर्त लांबतो आहे. महाराज, आपण कायदा वाचलेला दिसत नाही. हरकत नाही, त्याच्याविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांतही बऱ्याच जणांनी वाचला नव्हता. वारी बंद पडणार, सत्यनारायण घातला की बेड्या, अशी हूल उठवून मसुदा वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाला अध्यादेश सुचला.

आता कलमे पाहा. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना धक्का नाही. वास्तुशास्त्राचा सल्ला द्या, मुलांचे कान टोचा. दिवंगत संतांचे चमत्कारही खुशाल सांगा. आपली अडचण एवढीच की आपण हयात आहात. चमत्कार दाखवून पैसे उकळले तर सहा महिने ते सात वर्षे. तेव्हा चमत्कार आपण करूच नयेत. शेजारच्या काकूंना ते ‘अनुभव’ म्हणून सांगू द्यावेत. फसवा प्रसार हाही गुन्हाच आहे, पण काकूंवर फिर्याद कोण करणार? साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखू नये. जा म्हणावे, फक्त आधी अकरा प्रदक्षिणा सांगाव्यात.

‘गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस’ हे वाक्य मात्र कायमचे विसरा. असे सांगून शरीरसंबंध ठेवणे कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे. मसुदा लिहिणाऱ्यांची कल्पनाशक्ती एवढी अफाट नव्हती, हे आपल्याला मी सांगायला नको.

बाकी बंदोबस्त भक्तच करतात. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, निरीक्षकाच्या दर्जाचा. त्याच्याकडे एखादी मुलगी येते, वडिलांनी एफडी मोडून दरबाराला दिली म्हणून. साहेब विचारतात, बाबा स्वतः का नाही आले? बाबा दरबारात टाळ कुटत असतात. त्यांना बोलावलेच, तर म्हणतात, मी सज्ञान आहे, स्वखुशीने दिले, घटनेच्या 25व्या कलमाने श्रद्धा माझा हक्क आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या. साहेब मुलीलाच समजावतात, घरातलं घरात मिटवा. त्या बिचाऱ्यांचेही चुकते असे म्हणवत नाही. उद्या ते कुणाच्याही देव्हाऱ्यात डोकावू लागले, तर मीच पहिला ओरडेन.

घटनेचे ते 25वे कलम दरबारात ठळक अक्षरांत लावा. ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून’ अशी त्याची सुरुवात आहे, तेवढी छापखान्यात गळू द्यावी.

कळावे.

ता. क. माझी फी ऐच्छिक नाही. रोखीने पाठवावी; अंगारा चालणार नाही.