पौषातला टेम्पो

मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की घरातला प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ होतो. एरवी स्वतःची छत्री न सापडणारी माणसं ‘मे अखेर बरा’ किंवा ‘दसरा होऊ द्या, मग निघा’ असे निकाल देऊ लागतात. हे सगळे सल्ले सरासरीवर उभे असतात. टेम्पो मात्र ठरल्या दिवशी, डोक्यावर असेल त्या ढगाखालून जातो. शिवाय सरासरी धरायची कुठली? पावसाळ्याच्या चार महिन्यांत सांताक्रूझला सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला वर्षभरात सातशेच्या आसपास, आणि वाटेतल्या लोणावळ्याला चार हजारांच्या पुढे. समुद्रावरचे ढग सह्याद्री चढताना आपला भार घाटातच उतरवतात आणि पुण्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणजे चेंबूरहून कोरडी निघालेली गादी कोथरूडच्या कोरड्या उन्हात उतरणार असली, तरी खंडाळ्यात तिला आंघोळ घडू शकते.

तरीही बहुतेक कुटुंबं मे अखेरच निवडतात, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पाऊस त्याच सुमाराला येतो अशी श्रद्धा असते. हवामान खात्याच्या लेखी मान्सून मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. प्रत्यक्षात 2023 साली तो 25 जूनला उगवला, आणि 2025 साली 26 मे रोजीच दारात हजर झाला. इतका बेभरवशाचा पाहुणा येण्याआधी घर रिकामं करून निघायचं म्हणजे नुसता जुगार. मान्सून वेळेवर आला तरी त्याचे नातेवाईक आधी येतातच. 2020 साली निसर्ग चक्रीवादळ 3 जूनला अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा मृग नक्षत्रही लागायचं होतं. हे सगळं टळलं तर पुण्यातला दुपारचा वळीव नेमका सोफा फुटपाथवर उतरलेला असताना येतो. भर म्हणून या दिवसांत सगळ्यांनाच निघायचं असतं, त्यामुळे टेम्पोचं भाडं चढतं आणि हमाल मिळत नाहीत.

दसऱ्याचा पक्ष वरकरणी अधिक शहाणा वाटतो. पितृपक्ष संपलेला असतो, साडेतीन मुहूर्तांपैकी एक हाताशी असतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमाराला मुंबईतून मान्सून परतलेला असावा असं तक्ता सांगतो. पण परतीचा पाऊस निरोप घेणाऱ्या मराठी पाहुण्यासारखा असतो. निघालो निघालो म्हणत दारात उभा राहून तो दुसरा डाव मांडतो. पुण्याच्या आंबिल ओढ्याने 2019 साली हाहाकार उडवला तो 25 सप्टेंबरच्या रात्री, आणि 2020 साली ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याचे रस्ते पुन्हा वाहिले. हस्त नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, ते उगाच नाही. हत्ती जाऊन शेपूट राहिली तरी कपाट भिजायला ती पुरते.

यावर सुशिक्षितांचा आक्षेप ठरलेला: अंदाज बघून निघावं. हवामान खातं स्वतःच 1928 साली सिमल्याहून आपलं मुख्यालय पुण्याला घेऊन आलं आणि शिवाजीनगरच्या चौकाला सिमला ऑफिसचं नाव देऊन गेलं. तेव्हा बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी त्याचं ऐकावं हे रास्तच आहे. अडचण अंदाजाच्या अचूकतेची नाही, वेळेची आहे. भरवशाचा अंदाज मिळतो चार-पाच दिवसांचा, आणि घरमालकाला नोटीस द्यावी लागते महिनाभर आधी. अंदाजावरून ताडपत्री बांधायची की नाही ते ठरवता येतं, महिना ठरवता येत नाही. त्यात पाऊस शहर पाहून पडत नाही, उपनगर पाहून पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर कोसळला, तर त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73.

तेव्हा मुद्दा असा की, कोणता महिना सर्वांत चांगला हे विचारूच नये. अंदाज चुकला तर कुठल्या महिन्यात सर्वांत कमी नुकसान होईल, हे विचारावं. असं विचारलं की बोट थेट पौषावर पडतं. डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात मुंबईत, घाटात आणि पुण्यात पाऊस नगण्य असतो, दरडी गप्प असतात आणि हमालाला घामही कमी येतो. कोणी म्हणेल, डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत दोन्ही शहरं भिजली होती. खरं आहे, पण पंचांग उघडून पाहावं, तो पाऊस कार्तिकातला होता. घाटात धुकं असतं हा आक्षेप दहा वाजता निघून मोडतो. शाळेचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मुलं असलेल्यांनी जूनचा जुगार खेळावा हे मान्य करतो.

उरला सर्वांत मोठा आक्षेप: पौषात शुभकार्य करत नाहीत. हाच तर या महिन्याचा मुख्य गुण. नवं घर घेणारे सगळे थांबलेले असल्याने टेम्पोवाला फोन उचलतो आणि घासाघीसही ऐकून घेतो. ज्यांना रुखरुख वाटेल त्यांनी खोकी पौषात न्यावीत आणि दूध माघात उतू घालवावं; पंचांगाचा राग गृहप्रवेशावर आहे, गोदरेजच्या कपाटावर नाही. शिवाय संक्रांत पौषातच येते. पुण्यातल्या नव्या शेजाऱ्यांशी पहिली ओळख करून घ्यायला, त्यांच्यावर गोड बोलण्याची सक्ती असलेला वर्षातला एकमेव दिवस साधता येतो, आणि एवढी हमी कुठलीही वेधशाळा देत नाही.